सेशन सिंगर म्हणून काम चालू आहे, आता स्वतःची मराठी ऑल्ट-पॉप (चाकोरीबाहेरची पॉप) गाणी करायची आहेत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत काही वर्षं कोरस, जिंगल आणि स्क्रॅच (मुख्य गायिकेसाठी केलेलं कच्चं रेकॉर्डिंग) गाताय, वहीत स्वतःची दहा-बारा गाणी आहेत, पन्नासेक हजार रुपये बाजूला आहेत आणि आता चांगला प्रोड्युसर हवाय. प्रोड्युसर मिळेल, ओशिवऱ्यात दर दुसऱ्या इमारतीत एक बसलेला असतो. पण त्याच्याकडे जाण्याआधी काही गोष्टी तुम्हीच ठरवून ठेवा. नाहीतर त्या तो ठरवेल आणि तुम्ही सवयीप्रमाणे बिनचूक गाऊन घरी याल.

अडचण या सवयीतच आहे. कोरसमध्ये शेजारणीच्या आवाजात विरघळायचं, स्क्रॅचमध्ये जिच्यासाठी गाणं आहे तिचा लहेजा धरायचा, जिंगलमध्ये सात सेकंदांत हसरा, उजळ सूर लावायचा, या कामाचे तुम्हाला पैसे मिळतात. त्यामुळे सेशनमधून आलेल्या गायकांच्या पहिल्या सिंगलमध्ये एक दोष हमखास ऐकू येतो: गाणं छान गायलेलं असतं, पण गातंय कोण ते कळत नाही. यातून बाहेर पडता येतं. अमेरिकी गायक ल्यूथर व्हँड्रॉस १९७०च्या दशकात जिंगल आणि इतरांच्या मागचा कोरस गात होता, एकट्याच्या नावावरचा त्याचा पहिला अल्बम १९८१चा. गायिका शेरिल क्रो मायकेल जॅक्सनच्या १९८७-८९च्या दौऱ्यात मागे गायची, तिचा अल्बम १९९३मध्ये आला. मधली वर्षं धरूनच चाला आणि तोवर सेशन सोडू नका.

पहिली गोष्ट पट्टी. आजवर पट्टी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्याला धरून ठरली. ऑल्ट-पॉपमध्ये माइक तोंडाजवळ असतो आणि आवाज बोलण्याच्या जवळचा, म्हणून सुरुवात बोलण्यापासून करा. कडवं नुसतं वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि आवाज ज्या सुराभोवती घुटमळतो तो पेटीवर शोधा. बऱ्याच स्त्रियांचा तो मधल्या सीच्या खालच्या जीच्या आसपास, साधारण २०० हर्ट्झवर असतो. कडव्याची चाल तिथून वर पाच-सहा सुरांत राहिली तर शब्द सांगितल्यासारखे वाटतात. मग ध्रुवपद तीन पट्ट्यांत गाऊन पाहा: नेहमीची, दोन अर्धस्वर खाली, चार अर्धस्वर खाली. काळी पाचची सवय असेल तर पांढरी पाचला (तीन अर्धस्वर खाली) गळा एकदम उघडा पडल्यासारखा वाटेल. गाताना तो वाटतो अशक्तपणा, पण दुसऱ्या दिवशी फोनच्या स्पीकरवर ऐकलं की बहुतेक वेळा तोच टेक आपलासा वाटतो.

खालच्या पट्टीची किंमतही मोजावी लागते. हवा मिसळलेला खालचा आवाज २०० ते ५०० हर्ट्झमध्ये बसतो आणि सिंथ पॅड (सिंथेसायझरचे लांब धरलेले सूर), गिटार, बेसचा वरचा भाग हेही तिथेच गर्दी करतात. कडव्यात पॅड नकोच, किंवा एक सप्तक वर हवा, हे अरेंजमेंट चालू असतानाच सांगा. मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) हा गुंता सुटत नाही, फक्त आवाज मोठा केला जातो.

हरकती-मुरक्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे: एका गाण्यात एक, तीही दुसऱ्या ध्रुवपदानंतर. कंपनाचंही तसंच. सूर सरळ धरा आणि शेवटच्या अर्ध्या मात्रेत सोडा.

दुसरी गोष्ट शब्द. लिहिताना आपला हात आपोआप भावगीताकडे जातो: सांज, चांदणं, सखा, ओढ. शब्द वाईट नाहीत, पण आठशे रुपयांचा इअरफोन घालून विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली मुलगी स्वतःशी असं बोलत नाही. ओळ मोठ्यानं म्हणा. मैत्रिणीला व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोटमध्ये म्हणाल का, ते पाहा.

उच्चाराकडे त्याहून जास्त लक्ष द्या. बोलताना ‘मन’ हा शब्द न वर थांबतो, गाताना जुन्या वळणानं आपण ‘मनऽ’ असा ओढतो. हा ओढलेला अ ऐकताक्षणी गाणं साठ वर्षं मागे जातं. म्हणून लांब सूर व्यंजनावर संपणाऱ्या शब्दावर ठेवूच नका. तिथे आ, ए, ओ वर संपणारा शब्द आणा: नको, वाटे, तुझा, गेले. ‘ई’वर वरचा लांब सूर टोचरा होतो, ‘ळ’ लांबवताच येत नाही. मीटर (ओळीचं माप) अडलं तर अभंगाचा ६-६-६-४ अक्षरांचा साचा वापरून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक आणि चौथ्या चरणानंतर उरलेली मोकळी जागा आजच्या बीटवर चांगली बसते. त्या मोकळ्या जागेत काही भरू नका.

लांबी अडीच ते सव्वातीन मिनिटं ठेवा, आवाज पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत यावा. एकाच वाद्यावर गाणं टिकत नसेल तर ते पुढे नेऊ नका. दहा-बारातली तीन उरतील, ते ठीकच आहे.

आता डेमो. मुख्य आवाज घरीच घ्यायला शिका, कारण ताशी भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ दिसलं की तुमच्यातली सेशन सिंगर जागी होते आणि दुसऱ्या टेकमध्ये ‘ओके’ गाऊन मोकळी होते. साधा कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा), पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी). पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या, पंखा बंद, वेळ रात्री अकरानंतरची. कडव्याला तोंड माइकपासून ८-१० सेंटीमीटरवर, ध्रुवपदाला २०च्या आसपास. इतक्या जवळून खालचा भाग फुगतो, म्हणून ८०-१०० हर्ट्झच्या खाली कट. २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, पीक (सगळ्यांत मोठा आवाज) उणे १० डीबीच्या आसपास. जवळच्या माइकवर स, श, च फार टोचतात. डीएसर (हे टोचरे आवाज दाबणारं साधन) ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये लावता येतो, पण माइक तोंडाच्या रेषेपासून थोडा तिरका ठेवला तर निम्मं काम तिथेच होतं.

बॅकिंगच्या, म्हणजे मुख्य आवाजामागे गायच्या, थरांमध्ये मात्र तुमच्यापुढे कोणी टिकणार नाही आणि ऑल्ट-पॉपचा निम्मा रंग तिथेच आहे. एक चांगली सुरुवात अशी: मुख्य आवाज एकटा मध्ये. ध्रुवपदात वरचा तिसरा सूर दोनदा गाऊन एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. खालची हार्मनी तशीच दोनदा, निम्म्या अंतरावर. सगळ्यांत खाली एक सप्तक उतरून नुसती कुजबुज, जेमतेम ऐकू येईल इतकी. हे पाच थर ३० सेंटीमीटरवरून घ्या म्हणजे ते मुख्य आवाजाच्या मागे बसतात. १५० ते २०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढा. शब्दाच्या शेवटचे त, क, स फक्त मुख्य आवाजानं उच्चारायचे, थरांनी ते गिळायचे. नाहीतर पाच ‘स’ पाच वेळी येतात.

तुमच्यासारख्यांच्या थरांमध्ये दोन खास बिघाड होतात. एक, डबल (तेच दुसऱ्यांदा गायलेलं) इतका तंतोतंत जुळतो की दोन आवाज ऐकू येत नाहीत, नुसता फेझर नावाचा इफेक्ट लावल्यासारखा पोकळ नाद येतो. तिथे मुद्दाम सैल गा, हेडफोनमध्ये पहिला टेक कमी ठेवा. दुसरा, एकच गळा, एकच माइक, एकच स्वर यांमुळे २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग थरागणिक साचत जातो आणि ध्रुवपद पत्र्यासारखं वाजतं. दर थराला तोंडाचा आकार बदला: एक जरा ‘ओ’कडे झुकलेला, एक नाकातला, एक हवेचा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकणं हा डबल नव्हे, तो फक्त मोठा मोनो होतो.

तीन डेमो झाले की प्रोड्युसरकडे जा. सोबत तीन संदर्भ गाणी न्या आणि प्रत्येकातलं नेमकं काय हवं ते सांगा: ‘याचा ड्रमचा कोरडेपणा’, ‘याच्या कडव्यातली रिकामी जागा’. ‘असं काहीतरी’ म्हणालात की तेच मिळतं. पन्नास हजारांत एकच गाणं नीट करा. तीसपर्यंत निर्मिती आणि मिक्स, चार-पाच मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात), तीन-चार कव्हरचं चित्र, उरलेले उभ्या व्हिडिओंना. मोठा म्युझिक व्हिडिओ आत्ता नको.

आणि कागद. मिक्सचे पैसे देण्याआधी सही घ्या, नंतर सगळ्यांच्या आठवणी वेगळ्या होतात. गीत कोणाचं, संगीत कोणाचं आणि किती टक्के, अरेंजमेंट कोणाची, मास्टर (अंतिम) रेकॉर्डिंगची मालकी कोणाची, हे एका पानावर. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलंच लागतं. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गाणं जगभरच्या अॅपवर चढवायचं आणि कागदावर हे दोन्ही रकाने कोरे, हे सर्रास दिसतं. इंटरनेटवरून लीजवर (भाड्यानं) घेतलेली बीट असेल तर तिथे स्ट्रीमची मर्यादा असते आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीला (गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेला) बहुधा बंदी. तीच बीट घेतलेला दुसरा कोणी तुमच्या गाण्यावर क्लेम टाकू शकतो.

तुमच्या सेशनच्या कामालाही हा चष्मा लावा. कायद्यातल्या व्याख्येनुसार चित्रपटात ज्याचा सहभाग किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि श्रेयनामावलीत नाव नाही, त्याला जवळपास कोणतेच परफॉर्मरचे हक्क उरत नाहीत. म्हणून कोरसच्या श्रेयासाठी भांडणं हा मानापुरता प्रश्न नाही. शिवाय करारात आवाज एआय मॉडेलसाठी वापरण्याची परवानगी लपलेली आहे का ते पाहा. अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं २०२४मध्ये अंतरिम संरक्षण दिलं, पण सही करून परवानगी दिलेल्या माणसाची बाजू वेगळी होते.

नाव ठरवण्याआधी स्पॉटिफायवर स्वतःला शोधा. अनेक सेशन सिंगरच्या नावावर आधीच आरत्या, बडबडगीतं आणि दुसऱ्यांच्या गाण्यांची कव्हर यांचा ढीग असतो, कारण एखाद्या लेबलनं त्यांना मुख्य कलाकार म्हणून टाकलेलं असतं. नवं ऑल्ट-पॉप गाणं त्याच पानावर गेलं की ते आरती ऐकणाऱ्यांना सुचवलं जातं, ते पाच सेकंदांत पुढे जातात आणि गाणं तिथेच बसतं. ढीग मोठा असेल तर वेगळं नाव घ्या. रोमन स्पेलिंग एकच ठरवून सगळीकडे तेच ठेवा.

डिस्ट्रिब्युटर (गाणं अॅपवर पोचवणारी कंपनी) निवडताना वार्षिक फी आणि एकदाच फी यांतला फरक बघा; डिस्ट्रोकिडसारख्या वार्षिक योजनेत फी थांबली की गाणं उतरू शकतं. फाइल चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं पाठवायचं तर किमान सात दिवस आधी, एका वेळी एकच, ५०० अक्षरांत. तिथे ‘हृदयस्पर्शी’ लिहू नका. भाषा, वाद्यं, मूड, कुठल्या शहरात ऐकणारे आहेत ते लिहा. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. मास्टर उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास असला तरी चालतो, जास्त मोठा केलात तर अॅप खाली आणतं आणि दबलेपणा तेवढा उरतो. स्ट्रीम विकत घेण्याच्या फंदात पडू नका. २०२४पासून खोटे स्ट्रीम सापडले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं आणि तो तुमच्या खात्यातून वळता होऊ शकतो. त्याच वर्षापासून बारा महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला तिथे रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही.

डिस्ट्रिब्युटरकडून येणारे पैसे फक्त रेकॉर्डिंगचे. गीत-संगीताचे पैसे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेमार्फत येतात: सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं वेगळं नोंदवा, नुसत्या सभासदत्वानं काही होत नाही. गायिका म्हणून इसम्रा ही गायक-वादकांच्या हक्कांची संस्था वेगळी. हे सगळं उशिरा आणि थोडं येतं, म्हणून सेशनची बिलं वेळेवर पाठवत राहा. कापलेला टीडीएस वर्षाअखेर विवरणपत्रात परत मागता येतो, आणि उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली तरच जीएसटी नोंदणी लागते. चार तास कोरस ओरडून आलेल्या रात्री स्वतःचा मुख्य आवाज घेऊ नका. हवेचा आवाज थकलेल्या गळ्यातून खरखरीत येतो आणि तो खरखरीतपणा ‘टेक्स्चर’ म्हणून खपवावासा वाटतो.

स्टेजचा विचार तीन गाणी बाहेर आल्यावर करा. पंचवीस मिनिटांना सहा गाणी लागतात. बँड परवडत नसेल तर लॅपटॉप, किमान चार आउटपुटचा इंटरफेस आणि लूपर (गायलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र) पुरे: १-२ मधून ट्रॅक हॉलकडे, ३ मधून क्लिक (ठेक्याची टिकटिक) फक्त तुमच्या कानात. थर ट्रॅकवर वाजवण्यापेक्षा दोन गाण्यांत तरी लूपरवर समोर उभे करा. लूपरचा टेम्पो क्लिकशी बांधलेला नसेल तर दुसऱ्या मिनिटापर्यंत थर घसरतात, आणि साउंडचेकला वीस मिनिटं असताना ते शोधून काढता येत नाही. ही जोडणी घरी सलग पूर्ण सेट वाजवून तपासा, आणि इनपुट लिस्ट (तुमचे कुठले आवाज जोडायचे त्यांची यादी) साउंडवाल्याला दोन दिवस आधी पाठवा.