लॉ कॉलेजात जागतिक दृष्टिकोन आणायचा कसा?

जिल्ह्याच्या ठिकाणी, परदेशी प्राध्यापक बोलवायला पैसे नसताना कायद्याच्या शिकवण्यात जागतिक दृष्टिकोन कसा आणायचा, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात वकिली करतो आणि थोडे तास कॉन्ट्रॅक्ट म्हणजे कराराचा कायदा शिकवतो, तेवढ्यावरून सांगतो.

वेगळा पेपर नको. फ्लेक्स लावून एका दिवसाचं आंतरराष्ट्रीय चर्चासत्र तर मुळीच नको. आहे त्याच धड्यात दुसऱ्या देशाचा कायदा शेजारी मांडा.

आम्हाला हे सोपं पडतं, कारण इथला टॉवेल परदेशात जातो. वर्गात मी एक काल्पनिक करार देतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखानदार, हॅम्बुर्गची खरेदीदार पार्टी, वाद झाला तर जर्मन कायदा. पोरं लगेच जर्मनीची नागरी संहिता शोधायला लागतात. पण जर्मनी आंतरराष्ट्रीय माल विक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारात आहे. तो लागू नाही असं स्पष्ट ठरवलं नसेल, तर भारत त्यात नसूनही आपला कारखानदार त्याच्या कक्षेत येतो. आता टॉवेलचा रंग गेला. पार्टीने कधीपर्यंत कळवायचं? व्हिएन्ना कराराच्या कलम ३९ प्रमाणे वाजवी मुदतीत, आणि माल ताब्यात आल्यापासून फार तर दोन वर्षांत. नाहीतर साधारणपणे तक्रारीचा हक्कच जातो. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्यात वाजवी मुदत उलटली की माल नाकारता येत नाही, नुकसानभरपाई मात्र मागता येते. मग पार्टी लंडनची करा आणि कायदा इंग्लंडचा. ब्रिटनही त्या करारात नाही, त्यामुळे सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. तास कमी पडतो.

जागतिक म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच, असं मात्र धरू नका. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने १९९५ मध्ये ‘मक्वान्याने’ खटल्यात फाशी रद्द केली, तेव्हा फाशी वैध ठरवणाऱ्या आपल्या १९८० च्या बचनसिंग निकालाचा विचार करून वेगळी वाट धरली. दोन्ही निकाल एकत्र वाचायला द्या.

आणि सावरकर. मार्सेची उडी सगळ्यांना पाठ, त्यावरून झालेल्या फ्रान्स-ब्रिटन वादात हेगच्या लवादाने दिलेला २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा वाचलेला कुणी भेटत नाही. अटकेत अनियमितता झाली हे मानूनही कैदी फ्रान्सला परत द्यायला ब्रिटन बांधील नाही, असं त्यात म्हटलंय. वर्गात दोन तट पडतात. चर्चा राजकारणाकडे घसरू देऊ नका, निवाड्यातल्या कारणांवर धरून ठेवा.

‘सर, हे परीक्षेला आहे का?’ हा प्रश्न येणारच. अंतर्गत गुणांच्या असाइनमेंटला लावा, मुकाट्याने वाचतात.