नवीन काही सुचत नाही. प्रेरणेसाठी तुम्ही कोणती वेगळी कला बघता, कोणत्या सवयी लावून घेतल्यात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दोन वर्षं सुलेखन करताय, रोज तासभर फोनवर इतरांची कामं बघता, तरी हातातून तेच तेच उतरतं. आधी तो तास बंद करा. दुसऱ्याचं पूर्ण झालेलं, नटवलेलं काम बघून हात दबतो. मी स्वतः त्यातून गेले आहे.

मी भांडी बघते. भांड्यांवर घातलेली नावं.

आमचे अण्णा नाशिकच्या भांडीबाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून नावं घालायचे. मांडीवर गोणपाट, त्यावर तांब्या आडवा, एका हातात टोकदार छिन्नी, दुसऱ्यात छोटी हातोडी. टक टक टक, एकेक ठिपका. पैसे अक्षरावर, काना, मात्रा, वेलांटी धरायची नाही हा त्यांचा नियम. लग्नसराईत रांग लागायची. ‘चि. सौ. कां.’, ‘मामाकडून’, ‘मुंजीनिमित्त भेट’, ‘यांच्या स्मरणार्थ’. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंतचं सगळं त्या पायरीवर लिहिलं जायचं. ताटाच्या कडेवर नाव घालताना शिरोरेषा कडेच्या गोलाईबरोबर वळायची. अण्णा आधी काहीच आखायचे नाहीत, अंगठ्याने अंतर मोजायचे, आणि नाव बरोबर मध्यावर यायचं.

लहान वाटीवर मात्र ते शिरोरेषाच द्यायचे नाहीत. जागा नाही, वेळही नाही. आता तुम्ही अक्षरांत रमणारे आहात म्हणून हे नीट सांगते. शिरोरेषा काढून टाकली की ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांची पंचाईत होते. एरवी ‘भ’ आणि ‘ध’ ओळखायला डोक्यावरची तुटलेली रेघ मदत करते. ती गेली की सगळी भिस्त डावीकडच्या गाठीवर. म्हणून अण्णा ‘ध’ची ती गाठ मुद्दाम मोठी घ्यायचे, पाच ठिपक्यांची, बाहेर वळलेली. कुणी शिकवलं नव्हतं. एकदा कुणाच्या तरी ‘सुधा’चं ‘सुघा’ वाचलं गेलं आणि त्यांनी स्वतःच ते बसवलं.

कित्येक वर्षांनी माझ्याकडे एका घरगुती मसाल्याच्या पाकिटाचं काम आलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक: धने, जिरे, दगडफूल. छापून आलं तर ‘धने’चं ‘घने’ दिसतंय. तीन दिवस वेगवेगळे फॉन्ट लावून बघितले, जमेना. चौथ्या दिवशी चहा ओतताना हातातल्या वाटीवर आईचं नाव दिसलं, अण्णांनी घातलेलं, त्यात तोच ‘ध’. गाठ मोठी केली, बाहेर वळवली, प्रश्न मिटला. प्रेरणा म्हणजे मला विचाराल तर एवढंच.

तेव्हापासूनची सवय: कुणाकडे जेवायला गेले की उठताना घरातलं जुनं भांडं मागते, नावावर पातळ कागद धरते आणि पेन्सिल आडवी घासून छाप घेते. सहा वह्या भरल्यात. बायका आधी चमकतात, मग स्वतःच माळ्यावरचं घंगाळ उतरवायला सांगतात, आणि ते कुणी कुणाला दिलं त्याची गोष्टही.

आमच्या दादाला हे कधीच पटलं नाही. “रोज तीच नावं बघून काय मिळणार? कला बघायची तर अजिंठ्याला जा, मुंबईला प्रदर्शनं बघ.” मी दोन्ही केलंय. अजिंठ्याहून परत आले तेव्हा महिनाभर काही काढायची हिंमत झाली नाही. त्याला मी फाळक्यांचं उदाहरण द्यायचे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस, ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवं होतं, तर त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. १९१२ साली ते ‘अंकुराची वाढ’ म्हणून पडद्यावर दाखवलं आणि पैसे देणाऱ्याला पटलं. महिनाभर एका वाटाण्याकडे बघणं! दादा म्हणायचा, तू फाळके नाहीस. नाहीच आहे. पण वाटाणा तर कुणीही पेरू शकतं.

ऑगस्ट २०१६ मध्ये गंगेला, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीला, पूर आला. नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली ते बघून पाण्याचा अंदाज घेणारे आम्ही, त्या दिवशी बाजारात शिरलेलं पाणी बघत उभे होतो. अण्णांचं काम तेव्हा सुटलं होतं, पण त्यांच्या छिन्न्यांची पेटी त्या दुकानाच्या तळाच्या फळीवरच होती. गाळातून निघाली ती गंजलेली. दादाने ती बाकीच्या लोखंडाबरोबर किलोवर मोडीत घातली. म्हणाला, आता मशीन आहे, दोन मिनिटांत नाव होतं. रॉकेल लावून घासलं असतं तर गंज उतरला असता. अण्णा समोर बसले होते, काही बोलले नाहीत. मशीनवरचा मुलगा आपल्या बॉलपेनच्या अक्षरात नाव ओढतो, सगळ्या घरांत एकच अक्षर. दादाला वाटतं मी ते पेटीसाठी धरून बसलेय. मी त्या ‘ध’साठी धरून बसलेय.

तुम्हाला उद्याच कुणाला काम द्यायचं असेल तर ही सवय उपयोगाची नाही, हे खरं. सहा-सात महिने काहीच हाती लागत नाही, तोवर नुसत्या वह्या भरतात. मशीनची सगळीच अक्षरं वाईट असतात असंही नाही, काही मुलांचा हात छान आहे. आणि लेझरने घातलेल्या नावाचा छाप येत नाही, खाच फार उथळ असते, त्याचा फोटोच काढा.

छाप घ्यायचा तर आधी जुन्या टूथब्रशने खाचांतला मळ काढा. कागद पतंगाच्या कागदाइतका पातळ हवा, पेन्सिल मऊ, सहा बी असेल तर उत्तम. पेनने गिरवू नका. पुरात माझी एक वही भिजली तेव्हा शाईच्या नोंदी पसरून गेल्या, पेन्सिलचे छाप जसेच्या तसे राहिले. आजीचं भांडं शोधताना नाव काठाखाली, गळ्यापाशी बघा. बरीचशी तिथेच असतात.