हलवू नकोस, निकाली काढ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ते चोवीस डबे आधी परत कर. पारदर्शक असोत, एकात एक बसणारे असोत, सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळालेले असोत, परत कर. घरातून अजून एक वस्तू बाहेर गेली नाही आणि तू चोवीस आत आणल्यास. डबे लागतील, नाही म्हणत नाही. पण कशाला आणि किती हे कळायच्या आधी आणलेल्या डब्यात जे भरलं जातं ते पुढची वीस वर्षं कोणी उघडत नाही.

तुझा मेसेज वाचला. बाबा गेल्यावर त्यांचं कपाट उघडलंस, वरच्या कप्प्यातलं सगळं पलंगावर काढलंस, दुपारभर बघत बसलास आणि संध्याकाळी तेच सगळं खालच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावून आलास. वर मला लिहितोस, ‘काकू, काहीच आवरलं नाही, पण दमलो खूप.’ दमणारच! हलवाहलवीइतकं दमवणारं दुसरं काम नाही, कारण ते कधी संपतच नाही. म्हणून एकच सांगते आणि या पत्रात पुन:पुन्हा सांगणार आहे: हलवू नकोस, निकाली काढ. वस्तू एकदा हातात घेतली की तिचा निकाल लागल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही.

तुझे बाबा आणि मी ज्या कचेरीत होतो तिथे ही विद्या सक्तीची होती. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कागदांची आणि टेबलांची अशी काही घडी बसवली की ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गेला. आमच्याकडे प्रत्येकाच्या टेबलाला सहा गठ्ठे असायचे. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. सातवा गठ्ठा नाही. ‘बघू नंतर’ नावाचा गठ्ठा ठेवायची कोणालाच मुभा नव्हती, साहेबालासुद्धा. आणि जे कागद ठेवायचे त्यांनाही मुदत: अ वर्ग कायम, ब वर्ग 30 वर्षं, क-1 10 वर्षं, क 5 वर्षं, ड वर्ग एक वर्ष. निंदणीला, म्हणजे मुदत संपलेले कागद उपटून काढायला बसलो की दिवसभर धूळ खायची, पण संध्याकाळी रॅक मोकळा दिसायचा आणि चहा गोड लागायचा.

तुझ्या बाबांचं टेबल दाखवायला साहेब इतर शाखांतल्या लोकांना घेऊन यायचे, तुला माहीत नसेल. तोच माणूस घरी आला की काही म्हणजे काही टाकायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे लाकडी ठोकळ्यावर ती वाकडी तार आहे ना, बिलं ओवलेली? सगळ्यात खालची बिलं दुधाच्या केंद्राची असतील. तारेचा गंज चढून प्रत्येक कागदाच्या मधोमध तपकिरी भोक पडलंय, शाई उडाली आहे, नुसता कागद उरलाय. मी एकदा म्हटलं होतं, साहेब, हा ड वर्ग आहे. तुझे बाबा हसले आणि म्हणाले, घरात ड वर्ग नसतो. त्यांच्या पिढीचं ते खरंच होतं. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली माणसं सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुला ते घर राहायला हवंय, तुझ्या नव्या संसारासाठी हवंय, तेव्हा त्या तारेचा निकाल तुलाच लावायचाय.

कामाची सुरुवात कागदापासून कर. सगळे सांगतात की भावनेच्या वस्तू शेवटी आणि कागद कंटाळवाणे म्हणून तेही शेवटी. मी उलटं सांगते, कारण कागदात पैसे आणि हक्क असतात आणि ते थांबत नाहीत. खरेदीखत, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स-2, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विम्याच्या पॉलिसी, मुदत ठेवींच्या पावत्या, पासबुकं, गावाकडचा सातबारा असेल तर तो. हे बाबांच्या कपाटात समोर रचलेलं नसेल. ते कपाटाच्या कागदाखाली, जुन्या दिवाळी अंकात, देवघराच्या ड्रॉवरमध्ये असेल. म्हणून रद्दी वजनावर देण्याआधी एकेक पान झटकून बघ. बँकेत 10 वर्षं कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. बुडत नाही, वारसाला मागता येते, पण खेटे कोण घालणार? अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल 2023 पासून आहे, त्यावर बाबांचं नाव घालून बघ. शेअर्सचा लाभांश सलग 7 वर्षं कोणी घेतला नाही तर तो, आणि ते शेअर्ससुद्धा, सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. आणि एक लक्षात ठेव, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ताईचा हक्क आहे, आईचा आहे. त्यांच्या सह्या होईपर्यंत यातला एक कागदही फाडायचा नाही. हा तुझा प्रतीक्षाधीन गठ्ठा. बाकी लाइटबिलं, फोनबिलं, बंद पडलेल्या फ्रिजची वॉरंटी? फाड. वाचत बसू नकोस, फाड.

ठेवणं हाही निकालच आहे, हे तुझ्या डोक्यात शिरत नाहीये असं मला तुझ्या मेसेजवरून वाटलं. तू ‘टाकू की नको’ यातच अडकतोस. बाबांचं घड्याळ ठेवायचं आहे? ठेव. पण कुठे, आणि कोण वापरणार? मनगटावर बांधणार असशील तर आजच सेल घालून आण. नाही तर ताईच्या मुलाला दे. ‘सध्या इथे राहू दे’ हे वाक्य तोंडातून आलं की समज, तू निकाल लावला नाहीस, नुसती जागा बदललीस.

यावर मला लोक निर्दय म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. सासूबाईंचा पितळी बंब मी मोडीत घातला म्हणून माझी नणंद अजून माझ्या घरचं पाणी पीत नाही. तो बंब तळाला गळत होता. त्यात पाणी तापवून किती वर्षं झाली होती हे नणंदेलाही सांगता आलं नसतं. गॅलरीचा निम्मा कोपरा त्याने अडवला होता आणि पावसाळ्यात त्याच्यामागे झुरळांचं गोकुळ नांदायचं. मी आधी तिलाच विचारलं होतं, घेऊन जा म्हणून. तिच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. माझ्या फ्लॅटमध्ये मात्र असायला हवी होती! आठवण तिची आणि घासायचा मी, हा कुठला न्याय? आजही तो बंब समोर आला तर मी तेच करेन.

आणि मी इतकी हट्टी का झाले, तेही ऐक. माझ्या आईचं घर आम्ही बहिणी पोचायच्या आत रिकामं झालं होतं. भावांनी टेम्पो आणला आणि एका दिवसात सगळं उचललं. आईने जात्यावरच्या ओव्या एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या, तिच्या वाकड्या अक्षरात, हिशेबाच्या जुन्या वहीच्या पाठच्या पानांवर. पुढून बघितलं तर किराण्याचा हिशेब. ती रद्दीत गेली. भावांना मी दोष देत नाही, त्यांना काय दिसणार होतं? आईने कधी म्हटलं नाही की ही वही ठेवायची आहे. तिच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तिने सारखीच माया लावली, आणि मग सगळ्यांचा निकाल टेम्पोवाल्याने लावला. त्या ओव्यांपैकी मला दोनच येतात, त्याही अर्ध्या.

असो. कामाला लागू.

पाऊस गेलाय, हे ऊन दिवाळीपर्यंत वापरून घे. गाद्या-उशा गच्चीत टाक. कापसाच्या चांगल्या गाद्या टाकून देऊ नकोस, कापूस पिंजून पुन्हा भरून मिळतो. पुस्तकं मात्र कडक उन्हात नको, वाऱ्याला उभी पसरून ठेव, कसर निघते. ज्या पुस्तकाच्या बांधणीतून मातीसारखा भुगा पडेल ते बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळं कर, ती वाळवी असते, आणि मग माळ्याची लाकडी फळी ठोकून बघ. पोकळ वाजली तर रंगारी बोलवायच्या आधी पेस्ट कंट्रोलवाला बोलव. वरून रंग मारून वाळवी मरत नाही, सुखात राहते.

साफसफाई वरून खाली. माळा, पंखे, कपाटांच्या डोक्यावरची धूळ, मग भिंती, मग ओटा, शेवटी फरशी. तोंडाला फडकं बांध. एक्झॉस्ट पंख्यावरचं काळं चिकट मेण साबणाने जाणार नाही, कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून पाती त्यात भिजत घाल. पाती ॲल्युमिनियमची असली तर सोडा नको, पांढरी पडून खरबरीत होतात, त्यांना भांड्यांचा साबण आणि गरम पाणीच. तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ, त्याला दुसरं काही लागत नाही. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी करू नकोस, कल्हईवाला सापडला तर करून घे, नाही तर ते पातेलं शोभेला ठेवण्याचा किंवा मोडीत देण्याचा निकाल आत्ताच लाव.

मागच्या खोलीतली फरशी शहाबादी आहे. तिच्यावर ॲसिड ओतायला कोणीतरी सांगेलच, क्षाराचे डाग झटक्यात जातात म्हणून. डाग जातात, सोबत फरशीही जाते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिडने तो फसफसतो आणि कायमचा खडबडीत होतो. पुढच्या खोलीतल्या मोझॅकचंही तेच, त्यातले संगमरवरी तुकडे खाल्ले जातात. आणि बाथरूममध्ये ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकदम कधीही वापरू नकोस. क्लोरीन वायू होतो, बंद खोलीत जिवावर बेततं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर कोणी ना कोणी हे करतंच.

जे बाहेर जायचं ते त्याच दिवशी बाहेर जाऊ दे. पिशव्या भरून जिन्यात ठेवल्या म्हणजे निकाल लागला असं नाही, ती पुन्हा हलवाहलवच झाली. पुण्यात दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या ताई आहेत. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली. कुठल्या वस्तूचं पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. त्यांना आधी सांग की या आठवड्यात जास्त निघणार आहे, जास्तीच्या कष्टाचे पैसे दे, आणि काच कागदात गुंडाळून वर लिहून दे. बाबांची राहिलेली औषधं, ट्यूबलाइट, घड्याळांचे सेल हे सुक्यात घालू नकोस, वेगळं बांध. न वापरलेली व्हीलचेअर आणि कमोडची खुर्ची ज्यांना लागते त्यांना लगेच दे, त्या दोन वस्तूंकडे रोज बघत संसार मांडू नका.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला दिसते. सूनबाईला या कामात किती ओढायचं? स्वयंपाकघर तिने हवं तसं लावू दे, तिथे तू तोंड घालू नकोस, तुझ्या आईनेही नको. पण बाबांचे कपडे, चष्मे, कवळी, पूजेचं सोवळं यातलं काहीही तिच्या हातून टाकवून घेऊ नकोस. ‘सुनेनं आल्या आल्या सासऱ्यांच्या वस्तू फेकल्या’ हे वाक्य नातेवाइकांकडे तयारच असतं, फक्त तारीख घालायची बाकी असते. निकाल तू लाव. तिच्यासमोर लाव, पण तूच लाव. दमलास की दोघं मिसळ खाऊन या आणि परत येऊन कपाट पुढे चालू करा.

केरसुणी मात्र लक्ष्मीपूजनाला नवी आण. तुझा यावर विश्वास नाही हे मला माहीत आहे. आण तरीही.

आता आईला फोन कर. ती ताईकडे आहे म्हणून तिला काही विचारायचं नाही, तिला त्रास होईल, हे जे तू लिहिलंयस ते मला अजिबात पटलेलं नाही. चाळीस वर्षं ते घर तिने चालवलंय, तिच्या पाठीमागे ते रिकामं करणार आहेस का? फक्त ‘काय टाकू’ असं विचारू नकोस, ‘काय पाठवू’ असं विचार. दोन्हींचं उत्तर फार वेगळं येतं. माझा अंदाज आहे, पहिल्यांदा ती लोखंडी खलबत्ता मागेल. जड आहे, कुरियरवाला जास्त पैसे घेईल. कुरकुर न करता पाठव.

तुझी,
काकू