डॉक्टरांना विचारा : घड्याळ म्हणतं ताण, बाळ म्हणतं ऊठ

प्रश्न : मॅडम, तासगावला माहेरी बाळंतपणाला आलेय. बाळ अडीच महिन्यांचं आहे. माझ्या स्मार्टवॉचमध्ये एचआरव्हीचा (हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं त्याचा) आकडा दिवस जायच्या आधी ४५ च्या आसपास असायचा, आता २२-२४ दिसतो. रोज सकाळी 'ताण जास्त' असं येतं. रात्री तीन-चारदा उठते. हृदय कमजोर झालं असेल का? आई म्हणते, ते घड्याळ आधी काढून ठेव.
– एक वाचक

उत्तर : अगं, तुझ्या आईशी मी निम्मी सहमत आहे.

नाडी मिनिटाला ६० असली म्हणून ठोका बरोबर दर सेकंदाला पडतो असं नसतं. एक अंतर ९६० मिलिसेकंदांचं, तर पुढचं १०३० चं. श्वास घेताना ठोके जरा घाई करतात, सोडताना रेंगाळतात. हे रेंगाळणं व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या हातात असतं आणि तुझा एचआरव्ही म्हणजे या कमी-जास्तपणाचं माप. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी १०-२० ठोक्यांनी चढते, तेव्हा हा आकडा खाली येतोच. बाळंतपणानंतर तो हळूहळू सावरतो. पण त्याला सावरायला झोप लागते, आणि तुझी तर तुकड्यातुकड्यांत चालली आहे. एवढ्यावरून हृदय कमजोर ठरत नाही. शिवाय घड्याळ कातडीवर उजेड पाडून अंदाज बांधतं; पट्टा सैल असला, हात हलता राहिला की चुकतं. जावेच्या घड्याळाशी तुलना तर करूच नकोस, प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं.

माझं बाळंतपण मिरजेला झालं. हळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, सगळं साग्रसंगीत. (बंद खोलीतली ती शेगडी आज मी कुणाला करू देत नाही.) सव्वा महिना घराबाहेर पाऊल नाही, पण रात्री बाळ रडलं की ‘तिला भूक लागलीय’ म्हणून सगळे कूस बदलायचे. भूक नसायची, ओलं दुपटं असायचं! म्हणून बाळंतीण तपासायला आली की मी आधी विचारते, रात्री बाळाला दुसरं कोण घेतं?

तर रात्री नऊला पाजून तू झोप. पुढच्या पाजण्यापर्यंत ढेकर, दुपटं, थोपटणं आईकडे. सलग साडेतीन-चार तास मिळाले तरी फरक कळेल. जावईबापू शनिवारी येत असतील तर ती रात्र त्यांची.

बाळ शांत झोपलंय, आई जवळ आहे, तरी तुझा डोळा लागत नाही, रडू येतं, बाळाकडे बघवत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते थकव्याचं नाही. डॉक्टरांशी बोल, १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात आलं, तर त्याच क्षणी आईला उठव.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. दोन्हींमुळे धडधड होते. आडवं पडल्यावर धाप लागत असेल, पाय सुजत असतील, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर राहत असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. बाळंतपणानंतर काही महिने क्वचित हृदयाचा स्नायू खरंच अशक्त होतो, आणि ते ईसीजी-इकोवर कळतं, मनगटावर नाही.

घड्याळ फेकू नकोस. रात्री फक्त आईच्या कपाटात ठेव.