सुटे भाग: घरात किती, दुकानात किती

प्रश्न: आमच्या घरी तीन सायकली आहेत. यजमानांची गियरची, डिस्क ब्रेकवाली. मुलीची ७०० सी टायरची हायब्रिड. आणि सासऱ्यांची जुनी काळी सायकल, जिच्यावर ते आजही भाजी आणायला जातात. गेल्या पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावर यजमानांची सायकल उजव्या अंगावर पडली. मागचा एक लहानसा तुकडा मोडला आणि तो मिळेपर्यंत सायकल महिनाभर भिंतीला टेकून होती. तेव्हापासून ते दिसेल तो पार्ट आणून ठेवतात. माळ्यावर खोकं भरलंय. सुटे भाग घरात ठेवावेत का? ठेवायचे तर कोणते?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, ठेवावेत, पण खोकंभर नाही. भद्रकालीत वडिलांच्या हाताखाली मी सायकलचं काम शिकलो, आता दुकान मीच बघतो. कुठल्याही पार्टबद्दल मी दोन गोष्टी बघतो. तो गेला तर सायकल जागेवर उभी राहते का? आणि तो गावात कुठेही मिळतो का? सायकल अडणार आणि पार्ट सहज मिळणार नाही, असं असेल तरच तो घरात हवा.

तुमच्या यजमानांचा मोडलेला तुकडा म्हणजे हँगर. मागच्या चाकाजवळ, गियर बदलणारा डीरेलर ज्याला लटकतो तो बोटाएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम नरम केलेला असतो. सायकल पडली की त्यानं वाकावं, मोडावं, म्हणजे फ्रेम वाचते. अडचण अशी की प्रत्येक कंपनीचा, कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचा हँगर वेगळा. भोकं किती, कुठे, बाहेरची कड कशी, यात जरा फरक पडला तरी बसत नाही. म्हणून सायकल चांगली चालत असतानाच दुसरा हँगर मागवून ठेवा. आला की जुन्यावर ठेवून ताडून बघा आणि फ्रेमचं मॉडेल लिहिलेल्या चिठ्ठीसकट पिशवीत घाला. गियरच्या सायकलीला घरात एकच पार्ट ठेवायचा असेल, तर मी हाच ठेवीन.

दुसरा नंबर डिस्क ब्रेकच्या पॅडचा. त्यांचाही आकार ब्रेकच्या मॉडेलप्रमाणे बदलतो. आपल्याकडे पावसात सातपूर सोडून महिरावणी-अंजनेरीकडे निघालात की रस्त्यावरचा चिखल आणि बारीक वाळू पॅडला कानशीसारखी घासते. उन्हाळाभर टिकलेले पॅड पावसात बघता बघता संपतात. पॅडवरचा थर मिलिमीटरभर उरला की बदलायचे. एक जोडी घरात असू द्या, मात्र हाताळताना बोटांना तेल नको. तेल लागलेला पॅड मग धरत नाही.

चेनसाठी घाई नाही, मोजत राहा. नव्या चेनचे बारा पूर्ण जोड (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोड), पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. साध्या पट्टीवर ते एक सोळांश इंचानं जास्त भरले की चेन बदला. त्यापुढे वापरली तर मागची दातऱ्यांची चकतीही झिजते आणि खर्च वाढतो. घरात अख्खी चेन नसली तरी चालेल, क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी, मात्र हवी, आणि तीही तुमच्या गियरच्या संख्येची. आठ गियरची अकरा गियरच्या चेनला बसत नाही.

२०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करायची ‘रॅम’ (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली. त्यानंतर माझ्याकडे गियरच्या सायकली वाढत गेल्या, याचा मला फार आनंद आहे. पण तसल्या शर्यतीत मागून गाडी चालते, त्यात चाकंसुद्धा असतात. रविवारी त्र्यंबकला जाऊन येणाऱ्याकडे सीटखालची पिशवी असते, बस. जायला-यायला साठ किलोमीटरच्या आसपास होतात. त्या पिशवीत एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पॅच, लहान पंप आणि ती क्विक लिंक. गिरणाऱ्याकडे बाभळीचे काटे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, तिकडे दोन ट्यूब न्या.

मुलीच्या हायब्रिडला दोन ट्यूब पुरेत. ब्रेकची वायर, ब्रेक शू, पायडल हे कुठेही मिळतं. घेताना ट्यूबचा व्हॉल्व्ह बघा. बारीक व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या रिमच्या भोकात मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह जात नाही.

आता सासऱ्यांची काळी सायकल. खरं तर मला तिचीच जास्त काळजी वाटते. एकेकाळी तिचे पार्ट गल्लोगल्ली मिळायचे. आज नव्या शोरूममध्ये कॉटर पिन मागा, तिथल्या पोराला ती काय हेच ठाऊक नसतं. पायडल ज्याला लावलेलं असतं तो क्रँकचा दांडा मधल्या अॅक्सलला पक्का धरते ती ही पिन. एका बाजूनं उतरती असते, आणि बसवताना ती बाजू कानशीनं घासून दोन्ही क्रँक एका रेषेत आणावे लागतात. वडील एक-दोनदा घासायचे, बसवून बघायचे, परत काढायचे. पिन ढिली राहिली तर पायडल मारताना टकटक वाजते आणि हळूहळू अॅक्सलच खराब करते. जुन्या बाजारातल्या दुकानातून चार पिना घेऊन ठेवा. जाडी वेगवेगळी असते, म्हणून जुनी पिन सोबत न्या. व्हॉल्व्हची रबरी नळीही थोडी घेऊन ठेवा, उन्हानं ती चिकट होते आणि चाक रात्रीत बसतं. हे सगळं एका डब्यात मावतं.

प्रश्न: पाकीटबंद नवी ट्यूब दोन वर्षांनी काढली तर घडीवर चिरलेली होती. माल खोटा होता का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर: कुठे ठेवली होती ते बघा. पत्र्याखालचा माळा, खिडकीतलं ऊन आणि फ्रिज किंवा पाण्याच्या मोटारीजवळची जागा रबराला वाईट. चालू मोटारीपाशी ओझोन तयार होतो आणि त्यानं रबर तडकतं. ट्यूबला टाल्कम पावडर चोळा, सैल गुंडाळा, झिपच्या पिशवीत घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वर रबर बँड आवळू नका. आणि नवी आणलीत की ती कपाटात टाका, आधीची सायकलला लावा.