हायड्रोजनचा कोर्स करू का, असं विचारलंस म्हणून

बेटा,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उरकण्यासारखं काही नव्हतं म्हणून आज सकाळी चहा घेऊन निवांत लिहायला बसलोय. डिग्री हातात आलीये, कोळशाच्या ओपनकास्ट (उघड्या) खाणीत ट्रेनी म्हणून जॉइन झालीयेस, आणि विचारतेस, "सर, सगळे म्हणतात मायनिंगमध्ये पुढे हायड्रोजनच येणार, एक महागडा ऑनलाइन कोर्स आहे, करू का?"

कोर्सचं नंतर बघू. आधी एक काम कर, सोमवारी फर्स्ट शिफ्टला हॉल रोडच्या (डंपर माल वाहतात तो खाणीतला रस्ता) रॅम्पवर, बर्मच्या (कडेचा मातीचा बांध) मागे सुरक्षित जागी उभी राहा, आणि फक्त एक डंपर बघ, एकच. शॉवेलखालून (माल भरणारं यंत्र) भरून निघाला की वर डम्पपर्यंत (माल ओततात तिथे) आणि तिथून रिकामा परत खाली. चढ लागला की त्याचा आवाज कसा बदलतो, कुठे काळा धूर सोडतो, किती मिनिटं फुल लोडवर ओढतो, वर रांगेत किती वेळ नुसतं इंजिन चालू ठेवून उभा राहतो, सगळं घड्याळ लावून वहीत लिही. स्वच्छ ऊर्जेचा तुझा पहिला धडा तिथे आहे, कारण खाणीतलं डिझेल मुख्यतः त्या चढावर जळतं.

आता हिशोब करू. शंभर टनी डंपर, स्वतःचं वजन धरून भरलेला साधारण १७० टन. त्याला १०० मीटर वर आणायचा म्हणजे नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ४६ युनिट वीज लागते (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, घरच्या बिलावर असतं तेच). आपला हॉल रोड सोळाला एक (सोळा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर), म्हणजे १.६ किलोमीटरचा चढ, त्यात टायरचं घर्षण धरलं की चाकाशी साठेक युनिट हवीत. डिझेलच्या एका लिटरात दहाएक युनिट उष्णता असते, चाकापर्यंत पोचतात चार, म्हणजे एका चढाला पंधरा लिटर गेलं. हायड्रोजनच्या एका किलोत ३३ युनिट, फ्युएल सेलमधून (हायड्रोजनची वीज बनवणारं यंत्र) निम्मीच वीज बाहेर येते, म्हणजे एका चढाला चार किलो. ऐकायला छान वाटतं ना, पंधरा लिटरच्या जागी चार किलो! पण पाणी फोडून तो एक किलो बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, म्हणजे चार किलोला दोनशेच्या वर. तोच चढ बॅटरीवर काढलास तर चार्जिंगचे लॉस धरून ७५ युनिटांत निघतो, आणि रेल्वेसारखी वरून तार टाकून ट्रॉलीवर चढवलास तर त्याहून कमी.

म्हणजे एकाच चढाला हायड्रोजनला बॅटरीच्या जवळपास तिप्पट वीज. हा आकडा पाठ करून ठेव, कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये कोणी काहीही दाखवलं तरी याच्याशी ताडून बघायचं.

मग लोक हायड्रोजनमागे का लागले? कारण तेही खरंच आहे. डंपर दिवसाचे वीस तास पळतो, तो दोन तास चार्जिंगला उभा राहिला की शॉवेल रिकामी बसते, मॅनेजरचा फोन येतो, आणि बॅटरीचं वजन तर पेलोडमधूनच (वाहायच्या मालाच्या वजनातूनच) जातं. दक्षिण आफ्रिकेत मोगलाक्वेना म्हणून प्लॅटिनमची खाण आहे, तेव्हा ती अँग्लो अमेरिकन कंपनीची होती, तिथे मे २०२२ मध्ये त्यांनी २९० टन माल नेणारा हायड्रोजन-बॅटरी हायब्रीड डंपर उभा केला, दोन मेगावॅटचा. फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम लागतं, त्यामुळे त्यांना त्यात दुहेरी रस होता हेही लक्षात घे. डंपर चालला, तांत्रिकदृष्ट्या मोठीच गोष्ट होती ती आणि करणाऱ्या इंजिनिअर लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती पॉवर सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि ऑस्ट्रेलियाची लोहखनिज कंपनी फोर्टेस्क्यू, जिचे चेअरमन अँड्र्यू फॉरेस्ट जगभर हायड्रोजनचा झेंडा घेऊन फिरत होते, तिने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिबहेर या मशीन बनवणाऱ्या कंपनीला ४७५ मशीनची ऑर्डर दिली, त्यातले ३६० डंपर, आणि ते बॅटरीचे. ज्याला हायड्रोजनवर सगळ्यात जास्त विश्वास त्याने सुद्धा स्वतःच्या खाणीसाठी बॅटरी घेतली, याचा अर्थ नीट समजून घे.

आपल्याकडे छत्तीसगडमध्ये मे २०२५ ला अदानीने कोळसा वाहतुकीसाठी हायड्रोजनवर चालणारा ट्रक रस्त्यावर आणला, ४० टन माल आणि २०० किलोमीटर रेंज. मला तो प्रयोग पटतो, कारण खाण ते पॉवर प्लांट असा ठरलेला रस्ता आहे, एकाच ठिकाणी गॅस भरायचा, आणि ट्रक खड्ड्याच्या तळात नाही तर उघड्या हवेत पळतोय. कुठली गोष्ट कुठे शोभते एवढंच बघायचं असतं.

आता जरा थांबून वाच, कारण हे तुला कोर्सवाले सांगतील असं वाटत नाही. हायड्रोजन आपल्या खाणीत नवा नाही बेटा. अंडरग्राउंडला बॅटरी लोको (माल ओढणारी छोटी इंजिनं) चालतात ना, त्यांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजनच सुटतो, म्हणून तर चार्जिंग रूमला वेगळी हवा द्यायची असते. मी असिस्टंट मॅनेजर असताना एका खाणीत (नाव नको) रात्री तीनला फोन, "साहेब, सीओ वाढलाय, मीटर साठ दाखवतंय." सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि कोळशाच्या खाणीत तो वाढला म्हणजे पहिला विचार एकच, आत कुठेतरी हीटिंग सुरू झालंय, कोळसा पेटतोय. माणसं बाहेर काढली, मी खाली उतरलो, वास नाही, घाम धरलेला रूफ (छत) नाही, रिटर्नमध्ये (बाहेर जाणाऱ्या हवेत) काही नाही, आणि मीटर मात्र चार्जिंग स्टेशनजवळच ओरडतंय. सॅम्पल लॅबला गेलं तेव्हा कळलं, सीओ नव्हताच, हायड्रोजन होता. सीओचा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. चार्जिंग रूमचा फॅन चार दिवसांपासून बंद होता आणि रजिस्टरमध्ये रोज "ओके" लिहिलेलं. ती सही बघून माझे हात थंड पडले होते, अजून आठवतं.

म्हणून सांगतो, मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला तर स्फोट होतो, हायड्रोजनची रेंज ४ ते ७५. पेटायला लागणारी ठिणगी मिथेनच्या दहाव्या हिश्श्याएवढीसुद्धा नको. ज्योत दिवसा डोळ्याला जवळपास दिसतच नाही. हलका म्हणून उघड्यावर भुर्रकन वर निघून जातो, तो त्याचा गुण, पण अंडरग्राउंडला वर कुठे जाणार, रूफच्या कॅव्हिटीत (छतातल्या पोकळीत) जाऊन बसणार. आणि मिथेनचा जुना कॅटॅलिटिक मीटर हायड्रोजनलाही रीडिंग देतो, दोन्हीतला फरक सांगत नाही. म्हणजे उद्या कोणी गॅसी कोळसा खाणीत हायड्रोजन लोडर आणायचं म्हणालं तर पहिला प्रश्न तू विचारायचा, "डिटेक्शन कसं करणार?" २०१९ च्या नोटिफिकेशनपासून तुम्ही मुली अंडरग्राउंडला उतरू शकता, आमच्या वेळी हे स्वप्नातही नव्हतं, तेव्हा गॅस टेस्टिंगचं सर्टिफिकेट लवकर काढ आणि मन लावून काढ, हीच माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे.

मग अजून एक आपल्या मातीतली गोष्ट, चंद्रपूरचा मे महिना. फ्युएल सेल ७०-८० अंशाला चालतो, बाहेर ४६. डिझेल इंजिनची बरीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते, फ्युएल सेलची मात्र जवळपास सगळी रेडिएटरमधूनच काढावी लागते, आणि मधला फरक फक्त तीसेक अंशांचा, त्यात आपली कोळशाची धूळ जाळीत बसलेली. म्हणजे रेडिएटर भलामोठा हवा, फिल्टर रोज साफ हवे, आणि हवेतला सल्फर फ्युएल सेलला चालत नाही. थंड देशातल्या कॅटलॉगवर जाऊ नकोस, "४६ अंशाला आणि धुळीत चालवून दाखवा" असं म्हणायला शीक.

आणि चढाचं सांगितलं तसं उताराचंही बघ. आपल्या कोळशाच्या खाणी खड्डा आहेत, भरून वर यायचं. पण गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड डोंगरावर आहे, तिथे भरलेला माल खाली येतो! डिझेल-इलेक्ट्रिक डंपर उतरताना ब्रेकची सगळी वीज ग्रिड रेझिस्टरमध्ये (विजेची उष्णता करणाऱ्या पट्ट्यांत) जाळून हवेत सोडतो, तीच बॅटरीत भरली तर? स्वित्झर्लंडमध्ये सिमेंटच्या एका खाणीत असा डंपर केलाय, वरून ६५ टन माल घेऊन खाली येतो, बॅटरी ६०० युनिटची, आणि उतरताना जी वीज बनते ती त्याला रिकामं वर जायला जवळपास पुरते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप नाही आली. डोंगरावरच्या खनिजाला हायड्रोजन कशाला, डोंगर स्वतःच इंधन देतोय.

हायड्रोजनची खरी जागा मला विचारशील तर ती लोखंडाच्या भट्टीत आहे. तिथे कोळसा नुसता जळण म्हणून नसतो, ऑक्सिजन ओढून घ्यायला असतो, आणि ते काम वीज थेट सहज करत नाही पण हायड्रोजन करतो, धुराऐवजी पाण्याची वाफ सोडून. एक टन लोखंडाला ५४ किलो हायड्रोजन लागतो, साधं केमिस्ट्रीचं समीकरण आहे, करून बघ. स्वीडनला लुलेओमध्ये हायब्रिट नावाच्या प्रकल्पाचा पायलट प्लांट २०२० मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्याने हायड्रोजनवर लोखंड काढून दाखवलं. आपल्या सरकारच्या ग्रीन हायड्रोजन मिशनचं (जानेवारी २०२३, १९,७४४ कोटी) सुद्धा स्टील हे एक लक्ष्य आहे. म्हणजे हायड्रोजनमध्ये करिअर करायचंच असेल तर खाणीच्या दारातून बाहेर, भट्टीकडे बघ.

एक अवघड गोष्ट पण बोललो नाही तर तुझ्याशी खोटं वागल्यासारखं होईल. तू कोळशाच्या खाणीत आहेस. एक टन कोळसा जळला की दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यापुढे तो टन काढायला जळलेलं डिझेल फार थोडं. डंपर हिरवा केला म्हणून कोळसा हिरवा होत नाही, असं कोणी सांगत असेल तर त्यात सामील होऊ नको. पण मग डिझेल कमी करायचंच कशाला? माणसांसाठी. डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर एजन्सीने २०१२ मध्येच पक्कं सांगितलंय, आणि आपला ऑपरेटर खड्ड्याच्या तळाशी, थंडीत धुकं आणि धूर खाली बसतो तेव्हा, आठ तास तोच श्वास घेतो. माझ्याबरोबरचे दोन ऑपरेटर रिटायर झाल्यावर चार पावलं चालले की दम लागून बसायचे. त्यांच्यासाठी कर.

तर कोर्स. आत्ता नको. तेवढ्या पैशात सेकंड क्लासच्या (खाण मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या) परीक्षेची पुस्तकं घे, आणि इलेक्ट्रिकलच्या फोरमनशी दोस्ती कर, सबस्टेशन, केबल, ट्रान्सफॉर्मर, पॉवर फॅक्टर त्याच्याकडून शिक, कारण पुढे बॅटरी येवो, ट्रॉली येवो नाहीतर हायड्रोजन, खाणीत वीजच जास्त येणार आणि आपल्यातल्या मायनिंगवाल्यांना वीज सगळ्यात कमी येते. मला पण उशिरा आली.

रॅम्पवरची ती वही भरली की डिझेल बाऊजरच्या (डंपरला डिझेल भरणाऱ्या टँकरच्या) रजिस्टरमधून त्याच डंपरचं महिन्याभराचं डिझेल उतरवून घे, हॉल रोडचं सेक्शन (चढ-उताराचा नकाशा) सर्व्हेवाल्याकडून माग, आणि पुढच्या रविवारी घरी ये. काकू भरीत करणार आहे. जेवण झालं की टेबलावर कागद पसरू आणि तुझ्या खाणीचा हिशोब आपण दोघं मिळून काढू.

तुझा,
सर