बहिणीला ल्युकेमिया झालाय. आम्ही घरच्यांनी तिला आधार कसा द्यायचा, तिच्याशी काय बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला एएमएल, म्हणजे ल्युकेमियाचा झपाट्याने वाढणारा प्रकार, निघालाय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू होतेय, आणि तिच्यासमोर काय बोलावं हे न कळल्यामुळे घरात सगळे गप्प आहेत. बोलण्याचं नंतर बघू. मी उत्तर लिहायला बसलोय ते तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी: 'आम्ही भावंडं रक्त द्यायला एका पायावर तयार आहोत.'

आधी दुसरा पायही खाली टेकवा आणि डॉक्टरांना विचारा.

माझ्या ताईला एएमएलच होता. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की पुढे ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) चढवणं, करावं लागेल असं दिसतंय, तेव्हा आई-वडील आणि भावंडांनी रक्त किंवा प्लेटलेट द्यायच्या नाहीत. कारण सरळ आहे. ट्रान्सप्लांटसाठी आधी सख्ख्या भावंडांचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, तपासतात; प्रत्येक भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. त्याच भावंडाचं रक्त आधीच देऊन ठेवलं तर रुग्णाच्या शरीरात त्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात, आणि नंतर त्याच्या स्टेम सेल शरीराने नाकारण्याचा धोका वाढतो. दुसरी भानगड अशी की जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तिथे तग धरतात आणि उलटून रुग्णावरच हल्ला करतात. हे क्वचित होतं, पण झालं तर त्यातून माणूस सहसा वाचत नाही. या धोक्यासाठीच अशा रुग्णांना इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरणांनी त्या पांढऱ्या पेशी निकामी केलेलं, रक्त देतात.

हे मला पटलं, आईबाबांना पटलं. आत्याला नाही.

केमोनंतर दुसऱ्या आठवड्यात ताईचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, तळाला गेले. प्लेटलेट निरोगी माणसात दीड लाखाच्या वर असतात, तिच्या दहा हजारांच्या खाली. रोज सकाळी ती चादर बाजूला करून नडग्यांवर नवे लाल ठिपके आलेत का ते बघायची, रिपोर्टच्या आधी. अशा वेळी आम्ही दात्यांसाठी फोनवर फोन करत होतो आणि आत्या वॉर्डबाहेर, सगळ्या नातेवाइकांच्या देखत म्हणाली, "सख्खा भाऊ इथे धडधाकट बसलाय आणि परक्यांपुढे हात पसरताय? सुईला घाबरतोस काय रे?" मी एचएलए समजावायला लागलो तर म्हणाली, "आमच्या वेळी रक्ताच्या माणसांनीच रक्त दिलं."

तिला कोणी गप्प केलं नाही, याचा राग मला आजही आहे. मोठ्यांना उलट बोलायचं नाही म्हणून सगळे फरशीकडे बघत राहिले.

मी काय करत होतो ते सांगतो, कारण तुम्हालाही तेच करावं लागणार आहे. प्लेटलेट फार दिवस साठवून ठेवता येत नाहीत. खोलीच्या तापमानाला, सतत हलणाऱ्या ट्रेवर ठेवतात आणि साधारण पाच दिवसांत वापराव्या लागतात. म्हणजे 'पन्नास जणांनी एकदम या' याला अर्थ नाही. आज दोन, परवा दोन, असे दाते लावावे लागतात. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट. दाता तास-दीड तास, कधी जास्तच, खुर्चीला खिळतो. त्याने आदल्या दोन-तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर परत पाठवतात, हातातली शीर बारीक असेल तरी परत. म्हणून फोनवरच सगळं विचारून घ्यायचं, आणि एक दाता नेहमी राखीव ठेवायचा. रात्री अकराला 'उद्या सकाळी येतो' म्हणणारा सकाळी फोन उचलत नाही, हे गृहीत धरा. हे काम एकाच माणसाकडे द्या. दोघांकडे दिलंत तर दोघेही समजतात की दुसऱ्याने केलं असेल.

पुढे एचएलएचा रिपोर्ट आला. माझं जुळलं नाही, धाकट्याचं पूर्ण जुळलं. लोकांना वाटतं हाड कापून मगज काढतात. तसं काही नव्हतं. स्टेम सेल रक्तात उतराव्यात म्हणून त्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं दिली आणि मग दोन्ही हातांना नळ्या लावून मशीनवर बसवलं. हात हलवायची सोय नाही, त्यामुळे त्याचं नाक खाजवायचं काम माझ्याकडे. ताईचा रक्तगट आता बदलून धाकट्याचा झालाय. आत्या प्रत्येक लग्नकार्यात धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "तू तर तेव्हाही काही दिलं नाहीस." धाकट्याने तेव्हा तिच्या भिडेला पडून रक्त दिलं असतं तर काय झालं असतं, हे मात्र ती कधी विचारत नाही.

असो. बोलायचं काय? जे आजवर बोलत होतात तेच. ताईला सगळ्यात जास्त वैताग रडवेल्या चेहऱ्यांचा आणि 'पॉझिटिव्ह राहा'चा यायचा. उलट्या होत असताना पॉझिटिव्ह राहायची जबाबदारीही तिचीच? तिला ऑफिसात कोण कोणाशी भांडलं ते ऐकायचं असायचं. कधी काहीच नको असायचं. मग मी मोबाइल बघत बसायचो आणि ती भिंतीकडे बघायची. रडली तर रडू द्या, लगेच समजूत घालायला धावू नका. आणि भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायला एक उर्मट माणूस नेमा. आमच्याकडे तो मीच होतो. "आत्याला सांग मी झोपलेय" हे वाक्य ताईने मला डोळे टक्क उघडे ठेवून सांगितलेलं आहे.

घरी सोडल्यावर थर्मामीटर तिच्या उशाशी हवा. १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे रात्र असो की पहाट, लगेच हॉस्पिटलला फोन. आधी पॅरासिटामॉल देऊन 'उतरतोय का बघू' नाही. काउंट खाली असताना ताप हीच बहुतेकदा इन्फेक्शनची एकमेव खूण असते, आणि गोळीने तीच झाकली जाते. सर्दी झालेल्याने, मग तो घरातला का असेना, खोलीत पाऊल टाकायचं नाही.

आता एक सांगायचं राहिलं. मी लिहिलंय ते एएमएल आणि ट्रान्सप्लांटच्या अनुभवातून. एएमएलमध्येही सगळ्यांना ट्रान्सप्लांट लागत नाही. ते गुणसूत्रांचे आणि म्युटेशनचे (जनुकांतल्या बदलांचे) रिपोर्ट आणि पहिल्या केमोला मिळालेला प्रतिसाद यांवर ठरतं. सीएमएलसारख्या, ल्युकेमियाच्या हळू वाढणाऱ्या प्रकारात तर बहुतेकांचं रोजच्या गोळ्यांवर भागतं, तिथे हा दात्यांचा खटाटोप सहसा नसतोच. तेव्हा तुमच्या बहिणीच्या बाबतीत घरच्यांनी रक्त द्यायचं की नाही हे तिच्या डॉक्टरांकडूनच घ्या, माझ्याकडून नाही. फक्त विचाराल तेव्हा तुमच्याकडची जी कोणी आत्या असेल तिला खोलीत बसवून विचारा. डॉक्टर म्हणाले की तो सल्ला असतो, तुम्ही म्हणालात की पळवाट.